मुक्कामाची वाटणी

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत, हे आपण व्याकरणाच्या तासाला शिकवतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येतो. १८७४ साली सुरू झालेल्या निबंधमालेपासून आमच्या निबंधकारांनी एकट्या स्वतःसाठीही 'आम्ही' वापरले, पण तो बाणा निराळा. प्रस्तुत लेखातले 'आम्ही' शब्दशः अनेकवचनी आहे: आम्ही उभयता आणि नववीत शिकणारी आमची मुलगी. या दोन सर्वनामांत किती अंतर असू शकते ते आम्हांला कोणत्याही व्याकरणग्रंथाने नव्हे, तर फ्लोरिडातल्या एका सहलीच्या नियोजनाने शिकवले. सहल अद्याप व्हायची आहे. तिचा कागद मात्र तयार आहे, आणि त्या कागदाविषयीच हे लिहिणे आहे.

आईचा जन्म १९५१चा. तिच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने दोन्ही भावांच्या कुटुंबांनी सहा रात्री वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये एकत्र घालवाव्यात, ही कल्पना धाकट्या भावाची. तो वीस वर्षे न्यू जर्सीत आहे. त्याच्याकडची चार माणसे, आमची तीन आणि आई, अशी आठ. आरक्षणाच्या इंग्रजी अर्जात या आठांना 'पार्टी' म्हणतात. या शब्दाने कोण कोणाचा कोण याची चौकशी कायमची मिटते. आमची चौकशी तेथून सुरू झाली.

ज्यांनी ही जागा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलेले डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक उद्यान नव्हे. सुमारे शंभर चौरस किलोमीटर जमिनीवर चार मोठी थीम पार्क आणि वीसहून अधिक हॉटेले पसरलेली आहेत. प्रत्येक हॉटेल हे एखाद्या काळाचे वा प्रदेशाचे रूप घेऊन उभे असते. आणि सोयींप्रमाणे व दरांप्रमाणे त्यांच्या 'व्हॅल्यू', 'मॉडरेट', 'डिलक्स' अशा पायऱ्या लावलेल्या असतात. अनेक कुटुंबे सहलीचे दिवस दोन हॉटेलांत विभागतात. दोन स्वतंत्र आरक्षणे करायची. बदलाच्या दिवशी सकाळी सामान पहिल्या हॉटेलच्या माणसांकडे सोपवायचे. दुपारनंतर ते दुसऱ्या हॉटेलात पोहोचते. वारीत दिंडीचे सामान ट्रकमधून पुढच्या मुक्कामी जाते आणि वारकरी मोकळ्या हातांनी चालतो, तसेच काहीसे. फरक इतकाच की वारीच्या मुक्कामांना अर्थ येतो तो शेवटी पंढरपूर आहे म्हणून. येथे प्रत्येक मुक्काम स्वतःलाच पंढरपूर समजतो.

आमच्या कागदावर मधोमध एक उभी रेघ आहे. डावीकडे तीन रात्री पॉप सेंच्युरी, उजवीकडे तीन रात्री ॲनिमल किंगडम लॉजच्या किडानी व्हिलेजमध्ये. या वाटणीची जाहीर कारणे चोख आहेत. पॉप सेंच्युरीपासून २०१९ साली सुरू झालेला स्कायलायनर नावाचा रोपवे निघतो. एका ठिकाणी डबा बदलला की एपकॉट नाहीतर हॉलीवूड स्टुडिओज. मुलांना तो हवा आहे. किडानीहून कोठेही जायचे तर बस, पण तेथे सज्जात बसल्या जागी जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. आईच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे; तिला बसल्या जागी दिसणारे जग हवे. आधी मुलांच्या पायांची सोय, मग आईच्या गुडघ्यांची. कोणालाही पटावे असे हे कारण आहे, आणि ते खोटेही नाही.

खरे कारण पैसा होते.

भावाचा पहिला प्रस्ताव होता: सहाही रात्री किडानीत दोन शयनगृहांचा व्हिला, खर्च सगळा त्याचा. त्या व्हिलात नऊ माणसे राहू शकतात, स्वतंत्र स्वयंपाकघर असते, आणि एका रात्रीचा दर पॉप सेंच्युरीच्या खोलीच्या कित्येक पट असतो. 'आम्ही करतो सगळं, दादा. तुम्ही फक्त या,' असे तो म्हणाला. वाक्यात प्रेमाखेरीज काही नव्हते. पण त्यातल्या 'आम्ही'ने आम्हांला दाराबाहेर उभे केले. आम्ही उलट प्रस्ताव धाडला: सहाही रात्री पॉप सेंच्युरी, दोन खोल्या, ज्याने त्याने आपापल्या खोलीचे द्यावे. 'आमचं आम्ही बघू.' हे वाक्य लिहिताना आपणही तेच सर्वनाम ढालीसारखे पुढे केले आहे, हे आमच्या ध्यानात आले नाही.

भावजयीने मधला मार्ग सुचवला. सहाही रात्री मॉडरेट पायरीवरचे पोर्ट ऑर्लिन्स रिव्हरसाइड. खर्च निम्मा निम्मा. या सूचनेवर आम्ही जे केले ते येथे कबूल करणे भाग आहे. आम्ही त्या हॉटेलची समीक्षा केली. १९९२ साली ते उघडले तेव्हा त्याचे नाव 'डिक्सी लँडिंग्ज' होते आणि त्यातल्या खानावळीचे नाव 'कर्नल्स कॉटन मिल'. २००१ साली शेजारच्या हॉटेलाशी त्याचे नाव जोडले गेले आणि 'डिक्सी' शब्द गळाला. तेथे लुइझियानाच्या मळेवाल्यांच्या हवेल्यांसारख्या शुभ्र खांबांच्या इमारती आजही आहेत. मळा आहे, हवेली आहे, कापूस वेचणारे गुलाम तेवढे नाहीत. इतिहासातली वेदना काढून उरलेली वास्तू रात्रीच्या भाड्याने देणे म्हणजे काय, यावर आम्ही कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात चार परिच्छेद लिहिले. भावाचे उत्तर एका ओळीचे होते: 'दादा, तिथं राहायला जायचंय, पेपर वाचायला नाही.'

आम्ही जे लिहिले ते चुकीचे होते असे आजही वाटत नाही. पण ते त्या वेळी का लिहिले हा प्रश्न उरतोच. निम्म्या खर्चाचा आकडा आम्ही आधीच रुपयांत मांडून पाहिला होता आणि तो आम्हांला झेपणारा नव्हता. झेपत नाही असे म्हणण्याऐवजी आम्ही गुलामगिरी पुढे केली. दुसऱ्यांच्या वास्तूतून काय वगळले गेले आहे हे दाखवणाऱ्या त्या चार परिच्छेदांतून आम्ही स्वतःची एक साधी अडचण वगळली होती. समीक्षेचा असाही उपयोग होतो, हे अध्यापनाच्या पेशातल्या माणसाने तरी नाकारू नये.

शेवटी रेघ ओढली गेली. डावीकडच्या तीन रात्री ज्याच्या त्याच्या खर्चाने. उजवीकडच्या तीन रात्री भावाकडून आईला भेट, आणि आम्ही आईसोबतचे पाहुणे. मानपानाचा असा तह लग्नाच्या बोलण्यांतही क्वचितच इतक्या बारकाईने होत असेल.

तह झाल्यावर आम्ही दोन्ही हॉटेलांविषयी मिळेल ते वाचत बसलो. उंबेर्तो एकोने १९७५ साली अमेरिकेतली मेणाची संग्रहालये आणि डिस्नेची नगरे पाहून अतिवास्तवाविषयी लिहिले. झाँ बोद्रियारने १९८१ साली असा विचार मांडला की डिस्नेलँड काल्पनिक म्हणून उभे केले जाते ते बाहेरची अमेरिका खरी वाटावी म्हणून. वर्गात हे शिकवणे सोपे असते. कागदावर दोन हॉटेले शेजारी मांडली की आणखी एक गोष्ट दिसते. एकाच हॉटेलात राहणाऱ्याला त्याची बतावणी दोन दिवसांत अंगवळणी पडते. हॉटेल बदलणाऱ्याला मात्र शिवण दिसते. सकाळी अमेरिकेच्या विसाव्या शतकात जागे व्हायचे आणि दुपारी आफ्रिकेच्या गवताळ रानात पोहोचायचे. मध्ये एक बस. 'किडानी' हा स्वाहिली शब्द, अर्थ गळ्यातला हार. तेथल्या सना या उपाहारगृहात भारतीय वळणाच्या रोट्या नाना तऱ्हेच्या चटण्यांसह मिळतात. शेजारच्या ॲनिमल किंगडममध्ये 'आनंदपूर' नावाचे एक राज्य आहे, जे आशियाच्या कोणत्याही नकाशावर सापडणार नाही. तेथे राजवाड्याचे भग्नावशेष आहेत आणि त्या अवशेषांत खरे वाघ आहेत. फ्लोरिडात, आफ्रिकी हॉटेलात, आपलीच नान खाण्यासाठी पुण्याहून जायचे! हसू आले, आणि मग वाटले की भावाच्या घरी न्यू जर्सीत गणपती बसतो तेव्हा आमच्या मनात नेमके हेच हसू नसते काय?

पॉप सेंच्युरीने आम्हांला अधिक विचारात पाडले. २००३ साली उघडलेल्या या हॉटेलात १९५०पासून १९९०पर्यंतच्या दशकांसाठी वेगवेगळ्या इमारती आहेत आणि त्यांवर त्या त्या दशकाच्या वस्तू मजल्यांएवढ्या मोठ्या करून बसवल्या आहेत: पन्नाशीच्या दशकाला बोलिंगच्या पिना, साठच्या दशकाला यो-यो, ऐंशीला रूबिकचा घन. १९०० ते १९४० ही दशके तळ्याच्या पलीकडे बांधायची होती, पण २००१नंतर पर्यटन मंदावले आणि तो अर्धा भाग अपुरा राहिला; २०१२ साली त्या जागी चित्रपटांवर बेतलेले दुसरे हॉटेल उघडले. दोन्हींना जोडणाऱ्या पुलाला 'जनरेशन गॅप ब्रिज' म्हणतात. शतकाचा अर्धा भाग गेला, पूल राहिला.

मुलीने आईला फोनवर चित्रे दाखवली. 'आजी, ही तुझ्या दशकाची इमारत.' आईने त्या पिनांकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, 'या काय, लाटणी आहेत का?' तिच्या पन्नाशीच्या दशकात वाड्यातला सामाईक नळ होता, रॉकेलच्या बत्त्या होत्या आणि सहा भावंडांत एक खोली होती. तिचे काहीही त्या भिंतीवर नव्हते. तिला त्याचे वाईट वाटले नाही. वाईट आम्हांला वाटले, आणि तेही तिच्यासाठी नव्हे. एका प्रसिद्ध सिद्धान्ताला घरचे उदाहरण सापडल्याचा आनंद आम्हांला आधी झाला, म्हणून.

मग तिने कागद मागितला. चष्मा लावून रेघेच्या दोन्ही बाजू वाचल्या आणि विचारले, 'मला कुठल्या खोलीत घातलंय?' आम्ही सांगितले: पहिल्या हॉटेलात एका खोलीत चारच माणसे राहू शकतात, म्हणून तीन रात्री तू आमच्या खोलीत, मग व्हिलात. तिथे सगळे एकत्रच. सामान एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात आपोआप जाते, तुला काही उचलायचे नाही.

'ते मला नवीन नाही,' ती म्हणाली. 'सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. बॅग तुम्हीच भरता.'

तक्रारीचा सूर नव्हता. पाणी प्यायला मागावे तशी ती बोलली, आणि तिने कागद परत दिला. वडील गेल्यापासून ती दर वर्षी विमानाने जाते आणि येते; विमानतळावर चाकाच्या खुर्चीची सोय एक भाऊ करतो, उतरवून घेण्याची सोय दुसरा. आम्ही दोघे भाऊ याला 'आईची व्यवस्था' म्हणतो. तिची पाळी कोणाकडे आहे, असेही म्हणतो. दोन मुक्काम, दोन आरक्षणे, मध्ये सामान: ज्या प्रकाराचे आम्ही महिनाभर नियोजन, समीक्षा आणि तह केले, तो प्रकार आई नऊ वर्षे जगत होती. आमच्या 'आम्ही'त ती होती, भावाच्या 'आम्ही'तही होती. 'आपण' म्हणायला तिच्यासमोर दोघे एकाच वेळी कधी बसलेच नव्हते.

त्यानंतर तिने एकच शंका विचारली, आणि ती आमच्या नियोजनात खरोखरच सुटलेली होती. पहिले हॉटेल सकाळी अकराला सोडायचे. व्हिला दुपारी चारला मिळणार. मधले पाच तास तिने बसायचे कुठे? मुलांसाठी आम्ही त्या वेळात हॉलीवूड स्टुडिओज लिहून ठेवले होते. आईच्या नावापुढे काही नव्हते.

त्या रात्री भावाला फोन केला. रुपयांचा आकडा प्रथमच सरळ सांगितला आणि चार परिच्छेदांबद्दल क्षमा मागितली. तो हसला, आणि म्हणाला की त्याने ते जपून ठेवले आहेत. आईचे वाक्य सांगितले तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, 'त्या दिवशी पोरांना त्या दोघी घेऊन जातील. आपण लॉबीत बसू. तिथूनही जनावरं दिसतात म्हणे.'

चौथ्या दिवसाच्या रकान्यात आता तेवढेच लिहिले आहे. अकरा ते चार: आई आणि आपण दोघे. ते तास कोणत्याच आरक्षणात मोडत नाहीत, म्हणून त्यांचे पैसे कोणी द्यायचे हा प्रश्न निघाला नाही.