अंधारातून बाल्डर्स गेटकडे

या प्रवासवर्णनातल्या शहराला रेल्वे जात नाही, विमानतळ नाही आणि व्हिसाही लागत नाही. त्याचं नाव बाल्डर्स गेट. फेरून नावाच्या कल्पित खंडात, चिऑन्थार नदीच्या काठी ते वसलं आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायचा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. त्याच्याच जगात हे शहर आहे. त्यावरचा पहिला व्हिडिओ गेम १९९८ मध्ये आला आणि तिसरा, म्हणजे ‘बाल्डर्स गेट ३’, बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने ऑगस्ट २०२३ मध्ये आणला. आपल्या घरांतली बरीच मुलं रात्री दार लावून जिथे जाऊन येतात, ते हेच ठिकाण.

प्रवासाची सुरुवात एका समुद्रकिनाऱ्यासारख्या नदीकाठावर होते. उडतं जहाज कोसळलेलं असतं, डोक्यात एक परकी अळी शिरलेली असते आणि तिच्यावर उपाय शोधत शहराकडे जायचं असतं. तलवार परजत गेलात तरी पोहोचता आणि मंत्र म्हणत गेलात तरी पोहोचता. मी लपतछपत गेलो. त्या वाटेने हा मुलूख कसा दिसतो, ते सांगायला हा लेख.

आधी प्रवाशाची ओळख. या खेळात पात्र जास्तीत जास्त बाराव्या लेव्हलपर्यंत जातं. प्रत्येक लेव्हल म्हणजे एक नाणं समजा. बाराही नाणी एकाच विद्येवर खर्च करता येतात किंवा दोन-तीन विद्यांत वाटता येतात. या वाटून घेण्याला मल्टिक्लास म्हणतात. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्यांना ते समजावून सांगायला नको. घरात मराठी, बाजारात हिंदी किंवा कन्नड, ऑफिसात इंग्रजी. एकाही भाषेत आपण वक्तृत्वाचं बक्षीस आणत नाही, पण कुठे अडतही नाही.

माझं पात्र वुड एल्फ जातीचं. बाकीचे बहुतेक एका फेरीत नऊ मीटर चालतात, हे साडेदहा मीटर, आणि लपण्याचं शिक्षण त्याला जन्मजात मिळतं. पहिली पाच नाणी रेंजरला, म्हणजे रानातल्या शिकाऱ्याला. तिसऱ्या लेव्हलला त्याची ‘ग्लूम स्टॉकर’ ही शाखा घ्यायची. लढाईच्या पहिल्या फेरीत तिचा एक जादा वार मिळतो. पाचव्याला एका दमात दोन बाण सोडता येतात, आणि ‘पास विदाउट ट्रेस’ हा मंत्रही घेता येतो. तो म्हटला की आपल्या सगळ्या टोळीच्या लपण्याच्या फाशात थेट दहाची भर पडते. मग पुढची नाणी रोगला. (हा रोग म्हणजे आजार नव्हे, चोरवाटांचा जाणकार.) दुसऱ्या लेव्हलला तो वार करून त्याच फेरीत पुन्हा लपायला शिकतो. तिसऱ्याला ‘असॅसिन’ शाखा घेतली की बेसावध शत्रूला लागलेला प्रत्येक वार जिव्हारी लागतो. शेवटी दोन-तीन नाणी फायटरला, कारण त्याच्या दुसऱ्या लेव्हलला एका फेरीत आणखी एकदा हात चालवता येतो. सगळं जुळलं की पहिल्याच फेरीत पाच बाण सुटतात. गनिमी कावा हा शब्द ज्या भाषेत आहे, तिच्यात याहून जास्त खुलासा लागू नये.

याची किंमतही आहे. बाराही लेव्हल रोगच राहिलात तर ‘स्नीक अटॅक’च्या नुकसानीला सहा फासे मिळतात. माझ्या पात्राला दोनच. ‘फीट’ नावाची खास कौशल्यंही कमी पडतात: एकाच विद्येत किमान तीन, इथे दोन. सॉफ्टवेअरवाल्याच्या भाषेत, प्रत्येक लायब्ररीतून हवं तेवढंच फंक्शन उचलायचं आणि बाकीचं सोडायचं. विद्या कुठे सोडायची हे ठरवणं विद्या निवडण्यापेक्षा अवघड जातं. वाटणी पसंत पडली नाही तर विदर्स नावाचा एक अस्थिपंजर शंभर सोन्याच्या नाण्यांत सगळं पुसून नव्याने मांडू देतो.

आता प्रवास. लपायला लागलं की जमीन वेगळी दिसते. गेममध्ये पहारेकऱ्यांच्या नजरेचे लाल पट्टे दाखवता येतात. लख्ख उजेडात त्या पट्ट्यात शिरलात की संपलं. अर्धवट अंधारात फासा टाकून नशीब बघायचं. गडद अंधार आपला. त्यामुळे खोलीत शिरल्यावर आधी माणसं मोजायची नाहीत, दिवे मोजायचे. कुठली मेणबत्ती फुंकता येईल, कुठल्या मशालीवर पाणी टाकता येईल, शिडी कुठे आहे, मागचं दार कुठे उघडतं. सरळ चालत जाणाऱ्याला जे देऊळ एक मोठी खोली वाटतं, ते आपल्याला तीन मजल्यांचं दिसतं.

असं देऊळ पहिल्याच टप्प्यात लागतं. सेलूने या चंद्रदेवतेचं ते जुनं मंदिर. गॉब्लिनांनी ते बाटवून तिथे तळ ठोकला आहे. जवळच्या वनात एल्टुरेल शहरातून परागंदा झालेले टीफ्लिंग लोक आसऱ्याला आले आहेत. शिंगं आणि शेपट्या असलेली ही माणसं. गॉब्लिनांचे तीन म्होरके मेले तरच त्यांचा रस्ता मोकळा होतो. मंदिराच्या छताखाली तुळया आहेत. त्यांच्यावर बसून खाली बघत राहिलं की शत्रूचं घर कळायला लागतं. कोण कुणावर खेकसतं, कोण कुठे पेंगतं, इशाऱ्याचे नगारे कुठे ठेवलेत. एका पिंजऱ्यात अस्वल आहे आणि गॉब्लिनांची पोरं त्याला दगड मारत हसतायत. लढाई सुरू झाली तर हीच पोरं ओरडत मदत आणायला धावतील. पाच बाणांचा हिशेब कागदावर छान दिसतो. पण तुळईवर बसून बराच वेळ बघितल्यावर खालचे सगळे नुसते आकडे राहत नाहीत. तिघांचं काम करून बाकीच्यांना चाहूल न लागू देता बाहेर पडणं मला तेव्हा जास्त जमण्यासारखं आणि जास्त बरं वाटलं.

पुढे दुसऱ्या टप्प्यात एक शापित प्रदेश आहे. तिथे या पात्राचा मोठा आधारच उलटतो. तिथला अंधार माणसाला खातो. हातात मशाल धरूनच चालावं लागतं, आणि मशाल धरली की आपणच दुरून दिसतो. इतके दिवस दिवे विझवत आलेल्या प्रवाशाला तिथे दिवा जपत जावं लागतं. खोल भागात तर मशालही पुरत नाही. तिथे एक खास कंदील लागतो, आणि त्या कंदिलात एक परी कोंडलेली असते. कंदील वापरत राहता येतं किंवा तिला सोडून देता येतं. सोडलं तर ती आशीर्वाद देते आणि मग दिव्याशिवायही शाप बाधत नाही.

त्याच प्रदेशात मूनराइज टॉवर्स नावाचा किल्ला आहे. त्याच्या तळघरातल्या तुरुंगात पहिल्या टप्प्यात वाचवलेल्यांपैकी काही टीफ्लिंग पुन्हा पकडून आणलेले असतात. शेजारच्या कोठडीत बुटके ग्नोम. पहारेकऱ्यांबरोबर तिथे हवेत तरंगणारे डोळे फिरतात. त्यांनी काही वावगं पाहिलं की कल्लोळ होतो. या प्रवासातली माझी सगळ्यात आवडती जागा हीच. इथे पाच बाण लागत नाहीत. कोठडीची मागची भिंत कच्ची आहे. डोळा वळून गेला की कैद्यांच्या हाती हातोडा पोचवायचा, ते भिंत फोडतात, खाली होडी असते. पाच नाणी देऊन घेतलेला तो लपण्याचा मंत्र, साडेदहा मीटरची चाल, वार न करताही पटकन लपायची रोगची खुबी, सगळं इथे कामाला येतं. मारण्यासाठी जमवलेली विद्या माणसं सोडवायला जशीच्या तशी चालते, हे मला या तुरुंगात कळलं.

शेवटी शहर येतं. वेशीबाहेरच्या रिव्हिंग्टन वस्तीत निर्वासितांची गर्दी असते आणि पुलावर लोखंडी पहारेकरी. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात कुठल्यातरी पिढीत कुणीतरी असंच परक्या गावाच्या वेशीवर गाठोडं घेऊन उभं राहिलं असणार. आत गेल्यावर खालच्या शहराच्या छपराछपरांवरून हिंडता येतं, गटारांतून चोरांच्या संघाच्या अड्ड्यावर पोचता येतं. तोवर बारा नाणी पुरी होतात. माझा अखेरचा हिशेब रेंजर पाच, रोग चार, फायटर तीन असा आहे.

तुमच्या घरी हा गेम कुणी खेळत असेल, तर एखाद्या रात्री शेजारी खुर्ची ओढून बसा. ‘कितवी लेव्हल झाली’ हे विचारू नका, ‘तुरुंगातले लोक सुटले का’ ते विचारा.