डर्बनची सहल आणि वाटेत न लागणारे इनांडा

डर्बनच्या एकदिवसीय सहलीचा क्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळी समुद्रकिनारा, नगरभवन आणि व्हिक्टोरिया स्ट्रीट मार्केटमधील मसाल्यांची दुकाने. दुपारी ‘हजार टेकड्यांच्या खोऱ्यात’ गवताच्या घुमटाकार झोपड्या, ढोल आणि झुलू नृत्य. म्हणजे शहर इंग्रजांचे व हिंदी व्यापाऱ्यांचे, झुलू मात्र डोंगरातले! इतिहासाला ही वाटणी मान्य नाही.

किनाऱ्यावरची ती मण्यांनी मढवलेली रिक्षाच पाहावी. साखरेचे मळेवाले मार्शल कॅम्पबेल यांनी १८९२ मध्ये रिक्षा डर्बनला आणली आणि ती ओढली झुलू पुरुषांनी. आज छायाचित्रापुरती उरलेली ही गाडी तेव्हा शहराचे नित्याचे वाहन होती.

मोठी उणीव इनांडाची. शहराच्या उत्तरेकडील या भागात जॉन ड्यूब या झुलू शिक्षकाने १९०१ मध्ये ओहलांगे ही शाळा उभारली. गांधीजींचा फिनिक्स आश्रम तिथून जवळच. १९१२ च्या जानेवारीत ड्यूब, पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून ओळखल्या गेलेल्या संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्या शाळेत एक मराठी पाहुणा आला : गोपाळ कृष्ण गोखले. विद्यार्थ्यांनी त्यांना झुलू गीते ऐकवली. तिकीट लावून नव्हे, यजमान म्हणून.

२७ एप्रिल १९९४ रोजी नेल्सन मंडेला यांनी आयुष्यातले पहिले मत दिले, ते याच ओहलांगे शाळेत. ड्यूब यांच्या कबरीचेही त्यांनी त्या दिवशी दर्शन घेतले.