उलटा घसारा

बी.कॉम.ला घसारा शिकवायला आम्हाला जे सर होते, ते स्वतःच इतके झिजलेले होते की दुसरं उदाहरण द्यायची त्यांना गरजच पडत नसे. यंत्र घ्या, टेबल घ्या, इमारत घ्या. दरवर्षी तिची किंमत थोडी थोडी कमी करत जायची. त्याच्या पद्धती दोन. पहिलीत दरवर्षी सारखीच रक्कम वजा होते आणि ठरलेल्या साली वस्तू वहीतून नाहीशी होते. दुसरीत उरलेल्या किमतीवर टक्केवारी लावतात, त्यामुळे किंमत कमी कमी होत जाते पण शून्य म्हणून कधी होत नाही. मला ही दुसरी पद्धत पहिल्यापासून जास्त माणुसकीची वाटत आली आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत आपण निदान तोंडदेखली तरी हीच पद्धत वापरतो.

पण घसारा उलटाही चालू शकतो, म्हणजे वस्तू जितकी जुनी तितका तिचा भाव चढता, हे ना सरांनी सांगितलं, ना पुस्तकात होतं. ते मला कळलं आमच्या भाच्याकडून. हा भाचा स्टॉकहोमला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. गेल्या वर्षी त्याच्या साहेबाने खूश होऊन त्याला दोन रात्री गावातल्याच एका जुन्या हॉटेलात राहायला पाठवलं. स्वतःचं घर असताना गावातल्या गावात हॉटेलात राहायचं, हे आमच्या सौ.ला काही पटलं नाही. "घरी भांडण झालं असेल," असं तिचं मत पडलं.

भाच्याने फोनवरूनच सगळं हॉटेल फिरवून दाखवलं. हॉटेल शहराच्या ऐन मध्यात, गामला स्तान नावाच्या भागात. त्याचा अर्थच मुळी जुनं गाव. १६२५ साली तिथं मोठी आग लागली आणि जळालेला भाग नवे रस्ते आखून पुन्हा बांधला. म्हणजे शिवाजीमहाराजांच्या जन्माआधी पाच वर्षं. "मामा, हा जिना बघ, एका वेळी एकच माणूस जातो. ही तुळई बघ, डोकं आपटतं. ही फळी ऐक, पाय ठेवला की कुरकुरते." एकेक अडचण तो अशी दाखवत होता, जशी काही देवळावरची शिल्पंच. भाडं त्याने क्रोनरमध्ये सांगितलं, मी नोकरीच्या सवयीने रुपयांत केलं, आणि मग त्या फळीसारखाच कुरकुरलो.

त्याच भागात, लिल्ला नीगातान नावाच्या गल्लीतल्या एका घरात, १९३७ साली दुरुस्ती चालू असताना जमिनीखालून १८ हजारांच्या आसपास नाणी आणि चांदीची भांडी निघाली. तिथंही आता हॉटेल आहे. अठराव्या शतकात ते धन पुरणाऱ्या घराण्याचं नाव लोहे. आडनाव लोहे आणि पुरली चांदी! ही हकीकत मी आमच्या रोखपालाला सांगितली तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, "मोजली कुणी?"

फोन ठेवला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमचा साताऱ्यातला वाडा उभा राहिला. मंगळवार पेठेतला हा वाडा पणजोबांनी घेतलेला. जिना एकट्यापुरता. तुळईला डोकं आपटायची सोय आहे. माळ्याच्या फळ्या तर मांजर गेलं तरी बोलतात. गुप्तधनाची अफवासुद्धा आहे. आजवर निघालेलं धन म्हणजे एक तांब्याचा बंब, दोन गंगाळं आणि आजोबांनी फेडलेल्या कर्जाची पावती. फरक इतकाच की या सगळ्याला तिकडे इतिहास म्हणतात आणि आमच्याकडे पडझड.

वाडा बिल्डरला द्यायचं चाललं आहे. हिस्सेदार चार. तिघांचं मत, पाडावा. चौथी हिस्सेदार आमची काकू. ती तिथं एकटी राहते. तिचं मत कुणी विचारलं नव्हतं. सही मात्र लागणार होती. बिल्डरच्या माणसाने वाड्याचं मूल्यांकन केलं. जागेची किंमत भरपूर लावली आणि खाली लिहिलं, 'इमारतीचे उर्वरित आयुष्य : शून्य. किंमत : शून्य.' काकू ते शून्य रोज सकाळी झाडून काढते.

तसं पाहिलं तर जुन्या वास्तूंत पाहुणे उतरवायची आमच्या भागात फारशी चाल नाही. आम्ही तिथं शाळा आणि कचेऱ्या भरवतो. साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यात शाळा भरत आली, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव त्या शाळेच्या पटावर लागलं. एखाद्या राजवाड्याने याहून मोठा पाहुणा आणावा तरी कुठून? नव्या राजवाड्यात वर्षानुवर्षं कोर्ट भरलं. तिथं आलेल्या मंडळींचा मुक्काम दहा-दहा वर्षं चाले, फक्त भाडं ते वकिलाला देत. हॉटेल करून पाहिलं ते कोल्हापूरने. रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ या काळात बांधला गेला, १९८७ साली त्याचं हॉटेल झालं आणि पुढे ते बंदही झालं. सासवडजवळ पिलाजी जाधवरावांनी १७१० साली बांधलेल्या गढीचंही, म्हणजे जाधवगडाचं, हॉटेल झालं आहे.

ऐतिहासिक वास्तूत भाड्याने राहण्याचा अनुभव म्हणाल तर तो मलाही आहे. नोकरी सांगलीला, म्हणून आठवड्याचे पाच दिवस मी गावभागात एका जुन्या घरात खोली घेऊन असतो. १८०१ साली चिंतामणराव पटवर्धनांनी सांगलीचं वेगळं संस्थान थाटलं, तेव्हाचं हे घर असल्याचं मालक सांगतात. म्हणजे भाडं वाढवायचं असलं की सांगतात. माझ्या खोलीच्या भिंतीवर दोन रेघा आहेत. खालची २००५च्या पुराची, वरची २०१९च्या. स्टॉकहोमला अशा रेघा असत्या तर खोलीला 'कृष्णामाई' नाव देऊन भाडं दुप्पट केलं असतं. आमचे मालक दर दिवाळीला त्यांच्यावरून चुना फिरवतात आणि त्या दर पावसाळ्यात पुन्हा वर येतात.

डिसेंबरात भाचा रजेवर आला तो बेतच घेऊन. वाडा पाडायचा नाही, त्याचं हॉटेल करायचं. छोटंसं, चार खोल्यांचं, गावाच्या मध्यात. त्यासाठी आधी काकूला एक नमुना दाखवावा म्हणून त्याने आम्हा सगळ्यांना एका गढीच्या हॉटेलात एक रात्र नेलं. कुठल्या, ते सांगत नाही. दाराशी फेटा बांधलेल्या माणसाने तुतारी फुंकली. काकू बाजूला सरली आणि वरात कुठे आहे ते पाहायला लागली. आत टेबलाच्या बाजूला एक जातं मांडलेलं होतं आणि त्यावर झेंडूच्या पाकळ्या. काकूने पाकळ्या सारल्या, दगडावरून हात फिरवला आणि मॅनेजरला म्हणाली, "याला टाकी लावायला पाहिजे."

"लावलीय ना आजी, गच्चीवर," तो नम्रपणे म्हणाला. "चोवीस तास पाणी असतं."

आमच्या खोलीचं नाव होतं 'माजघर'. भाडं रात्रीला ८ हजार. देवळीत बटणावर लुकलुकणारी पणती होती. ती विझवायची कशी ते कुणालाच कळेना, म्हणून शेवटी सौ.ने तिच्यावर माझी बंडी टाकली. गादी अशी मऊ की कूस बदलायला दुसऱ्याची मदत लागावी. सकाळी पाहतो तर काकू खुर्चीवर बसलेली.

"झोप नाही आली का ग?"

"येईल कशी? वाड्यात कोण आहे? दाराला नुसती कडी आहे."

५४ वर्षांत वाडा त्या रात्री पहिल्यांदा रिकामा राहिला होता. हे मला तिने सांगेपर्यंत सुचलंही नव्हतं. मूल्यांकनाच्या कागदावर त्यासाठी रकानाच नव्हता.

साताऱ्याला परतल्यावर भाच्याने सोप्यात नकाशा पसरला. काम सुरेख होतं. आताचं स्वयंपाकघर म्हणजे पाहुण्यांच्या स्वागताची जागा. सोप्यातली खोली 'अजिंक्यतारा', माळ्यावरच्या दोन 'यवतेश्वर' आणि 'ठोसेघर', मागची 'कास'. काकूने चष्मा लावून सगळा कागद सावकाश पाहिला.

"छान काढलंयस रे. यात मी कुठं निजायचं?"

भाचा नकाशाकडे पाहत राहिला. बिल्डरच्या नकाशात तिच्यासाठी पैसे होते, भाच्याच्या नकाशात तिच्याविषयी आदर होता. निजायला जागा दोन्हीत नव्हती.

मग ती माझ्याकडे वळली. "त्या माजघराचे रात्रीचे आठ हजार म्हणालास ना? तू बँकेत आहेस, तर माझा हिशेब काढ. या घरात येऊन मला ५४ वर्षं झाली."

मी लग्नपत्रिकेच्या पाठीवर मांडणी केली. ५४ वर्षांच्या १९,७१० रात्री. लीप वर्षांच्या रात्री सोडून दिल्या. रात्रीला ८ हजार धरून झाले १५ कोटी ७६ लाख ८० हजार. काकूने आकडा माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"बरं, आता सांग," ती म्हणाली. "हे मी तुम्हाला द्यायचे, का तुम्ही मला?"

मी वीस वर्षं नावे आणि जमा करतो आहे, पण मला सांगता येईना. राहणारी म्हणून भाडं तिने द्यायचं, हे खरं. पण पन्नासेक पावसाळे कौलं शाकारून घेणारी, गळतीखाली घमेली मांडणारी, पुण्यात आणि स्टॉकहोमात राहणाऱ्या हिस्सेदारांचा हिस्सा उभा ठेवणारी म्हणून तिची मजुरी कुणी काढली होती? बँकेत ज्या रकमेची बाजू कळत नाही ती तात्पुरती उचंत खात्यात टाकतात. तेवढे १५ कोटी मी सध्या तिथं टाकलेले आहेत. बिल्डरचा फोन आला की मी सांगतो, एक नोंद मिटायची राहिली आहे.

भाच्याचा नवा नकाशा परवा आला. त्यात स्वयंपाकघर स्वयंपाकघराच्याच जागी आहे, आणि मागच्या खोलीवरचं 'कास' खोडून 'काकू' लिहिलं आहे. पाहुण्यांना खोल्या उरतात तीन. मी हिशेब करून पाहिला. पहिली काही वर्षं तोटाच दिसतो. बाकीच्या दोन हिस्सेदारांना तो कसा पटवायचा, ही माझी पुढच्या रविवारची काळजी आहे. काकूला नकाशा पसंत पडला. तिने फक्त एक अट घातली आहे.

"येणाऱ्या माणसाकडून चहाचे पैसे घेणार असाल," ती म्हणाली, "तर माझी सही मिळायची नाही."