पुसलेल्या नोंदी

आमच्या आईची एक पत्र्याची ट्रंक होती. लग्नानंतरची पहिली सहा वर्षे बाबा डहाणू तालुक्यात शिक्षक होते आणि आई वसईला राहून वाडी सांभाळीत होती. त्या काळातील बाबांची सारी पत्रे तिने त्या ट्रंकेत, लग्नातल्या लाल लुगड्याच्या घडीखाली ठेवली होती. २०१६ साली आई देवाघरी गेली, तेव्हा आम्ही ती पत्रे बाबांच्या हाती दिली. बाबांनी ती चाळली आणि परत आमच्याकडे सारली. म्हणाले, "ही माझी कुठे? ही तिची." म्हाताऱ्या माणसाचे हळवेपण, एवढाच अर्थ आम्ही त्या वेळी घेतला. त्या बोलण्यातला साधा हिशेब ध्यानात यायला पुढे आठ वर्षे जावी लागली आणि आमच्या हातून एक चूक घडावी लागली.

बाबांना स्मार्टफोन आम्हीच घेऊन दिला. त्यावर चित्रे येतात, गाणी येतात, परदेशातल्या माणसाचे तोंड दिसते, हे सारे त्यांना दाखवून झाले. त्यांनी त्यातले दोनच गुण स्वीकारले: फोन करणे आणि साधा संदेश लिहिणे. तोही देवनागरीत. रोमन अक्षरांत मराठी लिहिणे हा त्यांना भाषेचा अपमान वाटे. आता यात एक गोम आहे, ती पुष्कळांना ठाऊक नसते. इंग्रजीत लिहिले तर एका संदेशात १६० अक्षरे मावतात; देवनागरीत लिहिले तर अवघी ७०, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटी, मोकळी जागा हे प्रत्येक वेगळे मोजले जाते. सत्तरच्या पुढे गेले की दुसऱ्या संदेशाचे पैसे. शाळेत निबंधाला शब्दमर्यादा घालून देणाऱ्या बाबांना ही मर्यादा फार आवडली. "कसे आहात, बरे आहात" त्यांनी सोडून दिले. "रात्री पाऊस. चाफा बहरला. गुडघा बरा." असा संदेश रोज सकाळी साडेसहाला बोरिवलीला आमच्याकडे आणि पुण्याला आमच्या धाकट्या बहिणीकडे येई. आम्ही तो गाडीत उभ्याने वाचीत असू आणि महिना-दोन महिन्यांनी, फोनात जागा व्हावी म्हणून, सारे एकदम पुसून टाकीत असू.

येथे थोडे विषयांतर करतो. जगातला पहिला असा संदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पाठवला गेला, आणि तो नाताळच्या शुभेच्छांचा होता. नील पॅपवर्थ नावाच्या तरुण अभियंत्याने तो संगणकावरून धाडला. ज्यांना तो मिळाला ते रिचर्ड जार्विस त्या वेळी कचेरीच्या नाताळच्या मेजवानीत होते. त्यांना उलट उत्तर पाठवता येईना, कारण त्या फोनावर अक्षरे लिहिण्याची सोयच नव्हती. २०२१ च्या डिसेंबरात या पहिल्या संदेशाच्या डिजिटल प्रतीचा पॅरिसमध्ये लिलाव झाला आणि तिला १ लाख ७ हजार युरो आले. दोन शब्दांच्या शुभेच्छांना एवढे मोल! त्या दिवसांत ही बातमी आम्ही बाबांना वाचून दाखवली होती. ते म्हणाले, "मग माझे सांभाळून ठेव."

जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात, एका रात्री, बाबा झोपेतच गेले. पहाटे शेजारच्या गुरुजींनी हाक मारली तेव्हा उत्तर आले नाही. हृदयविकाराचा झटका, बहुधा मध्यरात्रीच्या सुमारास, असे डॉक्टरांनी सांगितले. पुढचे सारे जसे व्हायचे तसे झाले. बाबांचा फोन कपाटात पडून राहिला. नोव्हेंबरात आमच्या चिरंजिवांचा फोन फुटला. बाबांचा चांगला चालता फोन पडून आहे, तर नातवाने वापरावा, यात गैर काय, असा विचार करून आम्ही तो बाहेर काढला आणि कोणी सांगितल्याप्रमाणे आधी 'फॅक्टरी रीसेट' केला. फोनाने दोनदा विचारले, सर्व पुसायचे ना? आम्ही दोनदा होय म्हटले.

नाताळच्या आदल्या आठवड्यात बहीण वसईला आली. रात्री करंज्या भरताना, सारी मंडळी झोपायला गेल्यावर, ती हलकेच म्हणाली, "दादा, बाबांच्या फोनात कॉलची यादी बघशील का? त्या रात्री त्यांनी मला फोन केला होता. मी उचलला नाही."

पाच महिने ती हे मनात घेऊन वावरत होती. सकाळी वार्ता कळल्यावर तिने फोन पाहिला तो बाबांचा एकच न उचललेला कॉल त्यावर होता. वेळही दिसली होती. परंतु त्या धावपळीत ती मनात राहिली नाही. नऊ की अकरा? पुढे २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात मुठेकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा तिच्या तळमजल्यावरच्या घरातील पुष्कळ सामानाबरोबर तो फोनही गेला. आता बाबांच्या फोनातली नोंद तेवढी उरली होती. नऊला केला असेल तर तो नेहमीचा फोन. अकराला केला असेल तर छातीत कळ आल्यावर केलेला.

आम्ही हातातली करंजी ताटात ठेवली. फोन पुसल्याचे त्या रात्री आमच्याने तिला सांगवले नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमची वणवण सुरू झाली. स्टेशनाजवळच्या दुरुस्तीच्या दुकानातील तरुण कारागीर मोठा सरळ निघाला. त्याने जे समजावले ते आमच्या भाषेत असे. कॉलची आणि संदेशांची यादी म्हणजे फोनातली एक वही. जुन्या फोनांत नोंद पुसली की अनुक्रमणिकेतून तिचे नाव जाई. पान मात्र दुसरे काही त्यावर लिहिले जाईपर्यंत तसेच राही. म्हणून चुकून काही पुसले गेले तर फोन वापरणे तेथेच थांबवावे, असे जाणकार सांगत. आता फोनातली सारी वहीच कुलपात असते. २०१९ साली अँड्रॉइडची दहावी आवृत्ती आली, तेव्हापासून नव्या फोनांना असे कूटबद्ध असणे सक्तीचेच झाले. आणि सर्व पुसा म्हटले की फोन वही फाडीत बसत नाही. किल्ली नष्ट करतो. मागे अक्षरे राहिली तरी ती कोणालाही, कारागिराला किंवा कंपनीला, वाचता येत नाहीत. चोराच्या हाती आपली माहिती पडू नये म्हणून ही योजना आहे, आणि ती चांगलीच आहे. आमच्या घरात चोर आम्हीच होतो.

"बॅकअप होता का?" त्याने विचारले. त्या फोनात सेटिंग्जमध्ये एक कळ असते. ती चालू असली तर संदेश आणि कॉलच्या नोंदी गूगलच्या खात्यात साठतात, आणि फोन नव्याने सुरू करताना त्या परत मिळू शकतात. बाबांच्या फोनात ती कळ कधी चालू केलीच नव्हती. करणार कोण? फोन लावून देणारे आम्हीच. शिवाय हेही कळले की फोन ५७ दिवस वापरला गेला नाही तर असा साठा काढून टाकला जाऊ शकतो. कोणाच्या घरी दिवंगताचा फोन कपाटात असेल, त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

इतके ऐकूनही माणसाची आशा सुटत नाही. हरवलेले सर्व काही परत मिळवून देतो अशी हमी देणाऱ्या प्रणाली इंटरनेटवर ढिगाने आहेत. त्यांतली एक आम्ही घेतलीच होती. ती आधी पैसे मागत होती आणि मग आमच्या स्वतःच्या फोनातले सगळे संदेश वाचण्याची परवानगी. आमची सौ. पाठीशी उभी होती. म्हणाली, "अहो, बँकेचा ओटीपी कुठे येतो? संदेशातच ना?" आम्ही हात मागे घेतला. दुःखात असलेल्या माणसाच्या खिशात हात घालणे सोपे असते, हे या धंद्यातल्या लोकांना चांगले उमगलेले आहे.

उरली दूरध्वनी कंपनी. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून केंद्र सरकारने कॉलच्या नोंदी निदान दोन वर्षे ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले. परंतु त्या नोंदी तपास यंत्रणांसाठी. येथे ना गुन्हा ना संशय. एका बहिणीच्या मनाची तगमग कोणत्या कलमात बसवणार? ग्राहकासाठी मात्र दुसरी एक वाट आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या ग्राहक संरक्षण विनियमांनुसार आगाऊ पैसे भरून फोन वापरणाऱ्यालाही मागील सहा महिन्यांपर्यंतचा तपशीलवार हिशेब मागता येतो. शुल्क पन्नास रुपयांपेक्षा अधिक नाही, आणि तो तीस दिवसांत द्यावा लागतो. सहा महिने भरायला आम्हांला जेमतेम दोन आठवडे उरले होते. मृत्यूचा दाखला, आमचे ओळखपत्र, नाते सिद्ध करणारे कागद घेऊन आम्ही तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला खिडकीवरच्या मुलीने कागदांवरून नजर वर केली, "वडील का?" असे विचारले आणि अर्ज ठेवून घेतला.

जानेवारीत कागद हाती आला. त्या रात्रीच्या नोंदी दोनच. पहिली आठ वाजून पाच मिनिटांची, आमच्याच क्रमांकाची. दोन मिनिटे चाळीस सेकंद. त्या रात्री आपण बाबांशी काय बोललो हे आठवण्याचा आम्ही पुष्कळ प्रयत्न केला. लाइट बिलाविषयी काहीतरी होते. बहिणीच्या क्रमांकाची नोंद नव्हती. ती असणारच नव्हती, कारण न उचललेल्या कॉलचे पैसे लागत नाहीत आणि हा हिशेब पैशांचा असतो. ही गोष्ट अर्ज करण्यापूर्वीच आमच्या डोक्यात यायला हवी होती.

दुसरी नोंद संदेशाची होती, ९ वाजून ५२ मिनिटांची. अशा कागदावर संदेशाचा मजकूर नसतो. केवळ कोणाला आणि कधी, एवढेच. क्रमांक आमच्या ओळखीचा वाटेना. फोनात घालून पाहिला, तर गुरुजींचा.

गुरुजी म्हणजे बाबांचे जुने सहकारी, कुंपणापलीकडे राहणारे. त्यांच्याकडे अजून बटनांचा जुना फोन आहे. आम्ही रविवारी गेलो, विषय काढला. ते म्हणाले, "आले असेल काही. मला ते उघडायचे ठाऊक आहे, पुसायचे ठाऊक नाही." फोन हातात घेतला तर वर एक लहानसे पाकीट लुकलुकत होते. संदेशांची पेटी भरून गेली होती. कर्ज घ्या, रिचार्ज करा, असल्या जाहिरातींनी ती ऑगस्टातच तुडुंब झाली, आणि त्यानंतरचे काहीच आत येऊ शकले नव्हते. त्यामुळेच आधीचे जागच्या जागी होते. खाली खाली जाता बाबांचे नाव आले.

"फुले सकाळी आणतो. धाकटीला फोन केला, उचलला नाही. झोपली असेल. उद्या करीन."

गुरुजींच्या पत्नीचा दुसऱ्या दिवशी स्मृतिदिन होता. फुले म्हणजे त्यासाठी मागितलेला सोनचाफा. आम्ही नंतर मोजून पाहिले. काना-मात्रांसह बरोबर सत्तर.

म्हणजे फोन ९ वाजून ५२ मिनिटांच्या आधीचा. बाबांना तेव्हा काही होत नव्हते. ते दुसऱ्या दिवसाची कामे ठरवीत होते. आम्ही तेथूनच, गुरुजींच्या ओटीवरून, बहिणीला फोन लावला. आधी बाबांचा फोन आम्हीच पुसल्याची कबुली दिली, आणि ती काही बोलण्यापूर्वी संदेश वाचून दाखवला. तिने वेळ पुन्हा विचारली. आम्ही पुन्हा सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली. पुण्याला राहायला चला म्हणून ती बाबांच्या मागे लागली होती आणि त्याच आठवड्यात त्यावरून दोघांचे वाजले होते, हे आम्हांला माहीत होते.

मग ती म्हणाली, "मी झोपले नव्हते, दादा. फोन वाजताना बघत होते."

आम्हांला उत्तर सुचले नाही. आम्ही तिला तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवले, झोपली असेल, उद्या करीन. तिने आणखी एकदा वाचायला सांगितले. पुढे तिच्या रडण्याचा आवाज आला आणि आम्ही फोन कानाशी तसाच धरून ओटीवर बसून राहिलो. गुरुजी उठून चहा ठेवायला आत गेले.

चहा झाल्यावर गुरुजींनी आपला फोन पुन्हा आमच्या पुढ्यात ठेवला. त्यांच्या मुलाचे आखातातून येणारे संदेश ऑगस्टापासून मिळत नव्हते. पेटीत जागा करून देशील का, असे त्यांनी विचारले. सगळे एकदम पुसण्याची सोय त्या फोनात होती. आम्ही ती वापरली नाही. बाबांचा संदेश आधी आमच्या वहीत तारीख-वेळेसह उतरवून घेतला, मग जाहिराती एकेक करून पुसू लागलो. प्रत्येक वेळी फोन विचारी, पुसायचे ना? आणि प्रत्येक वेळी आम्ही चष्मा नीट करून वरचे नाव वाचून पाहत होतो. दिवेलागण होईपर्यंत ते काम चालले.