माझा आवडता संगीतकार : ए. आर. रहमान



'माझा आवडता कलाकार' हा निबंध आपण दरवर्षी वर्गात घेतो. यंदा चौथीला नमुना म्हणून मी स्वतःचाच निबंध वाचून दाखवला. विषय अर्थातच ए. आर. रहमान!

मी त्यांची केवढी फॅन आहे म्हणून सांगू! २३ फेब्रुवारी २००९, सोमवार. मी तेव्हा डी.एड.ला होते. 'स्लमडॉग मिलेनियर'साठी त्यांना दोन ऑस्कर मिळाले आणि होस्टेलच्या टीव्हीसमोर आम्ही मुली अक्षरशः नाचलो. त्या नादात सराव पाठाला उशीर झाला, बोलणीही खाल्ली. तरी संध्याकाळी मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्डात त्यांची गाणी भरून आणलीच.

निबंधात मी लिहिलं होतं : रहमान यांचा जन्म ६ जानेवारी १९६७ रोजी मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत झाला. वडील आर. के. शेखर हेही संगीतकार. रहमान नऊ वर्षांचे असताना ते वारले. घर चालावं म्हणून वडिलांची वाद्यं भाड्याने द्यावी लागली. लहान वयातच रहमान स्टुडिओत कीबोर्ड वाजवायला जाऊ लागले. शाळेतली हजेरी कमी पडली, शाळा सुटली. पुढे जाहिरातींना संगीत दिलं. १९९२ मध्ये 'रोजा' आला आणि त्यासाठी थेट राष्ट्रीय पुरस्कार मिळाला!

मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "बाई, मग शाळा सोडली तरी चालतंय ना?"

मी गप्प झाले. या मुलाचे वडील गेल्या वर्षी वारले. लग्नसराईत तो चुलत्याबरोबर बॅंडमध्ये ताशा वाजवायला जातो, हजेरीपटावर त्याचे लाल शेरे. फॅन म्हणून मला भारी वाटलेलं वाक्य त्याने स्वतःसाठी उचललं होतं. "तसं नसतं रे, बस खाली," एवढंच मी बोलले. रात्री मात्र झोप लागेना.

दुसऱ्या दिवशी निबंधात भर घातली. शाळा सुटली, पण शिकणं सुटलं नाही. मद्रासमध्येच राहून त्यांनी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची पाश्चात्त्य संगीताची पदविका घेतली. आणि २००८ मध्ये चेन्नईत स्वतः संगीताची शाळा काढली. "ज्याला शिकण्याचा कंटाळा, तो शाळा कशाला काढेल?" मी विचारलं.

तो हळूच म्हणाला, "म्हणजे त्यांना पण पैशासाठीच जावं लागत होतं."

"हो रे बाळा."

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. त्याच्या आईशी आणि चुलत्याशी बोलले. परीक्षेच्या दिवसांत त्याला नेणार नाही, एवढं चुलत्यांनी कबूल केलं. आता परिपाठाला ताशा तोच वाजवतो. गैरहजेरी पूर्ण थांबलेली नाही, खोटं कशाला सांगू? पण आल्या आल्या विचारतो, "बाई, काल काय शिकवलं?"

मित्रांनो, आवडत्या माणसाचं कौतुक मुलांना जरूर सांगा. पण अर्धं सांगू नका. आणि समोर कोण बसलंय, ते बघून सांगा.