मागच्या बाजूची खोली

वरणगावच्या पेठेतील बहुतेक जुनी घरे खाली दुकान आणि वर राहते घर अशा बांधणीची. पहाटे दुधाच्या किटल्यांचा आवाज विरतो न विरतो तोच खालचे शटर वर जाते. मग दिवसभर गिऱ्हाईक, हमाल, उधारी मागणारे आणि देणारे. जवळूनच एकेकाळी सहा क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा आणि आता ५३ क्रमांकाचा झालेला राष्ट्रीय महामार्ग जातो. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या गाड्यांची शीळ रात्री स्पष्ट ऐकू येते. अशा घरात जन्म काढलेल्या माणसाला शांत खोली ही सुखसोय वाटत नाही. काहीतरी बिघडल्यासारखे वाटते.

या घरांतून मुंबईला जाणे पूर्वीपासून होते. माल भरायला, लग्नाची खरेदी करायला, अलीकडे अधिक करून दवाखान्यासाठी. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न एकच असे : उतरायचे कुठे? नातलगाचे घर असताना हॉटेलात उतरणे हा त्या नातलगाचा अपमान मानला जाई. ‘आमचे घर ओस पडले होते काय?’ हे वाक्य पुढच्या तीन लग्नांत ऐकून घ्यावे लागे. आणि नातलग नसेल तर धर्मशाळा होतीच. हॉटेल म्हणजे पैसा उधळण्याची जागा, असा साधा हिशेब होता.

धर्मशाळेचा तो आधार मोठा होता, हे विसरता येत नाही. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांनी सी. पी. टँकजवळ १९०५ साली वडिलांच्या नावाने हिराबाग धर्मशाळा उभारली. मुंबईत ओळख नसलेल्या माणसाला हक्काने वळकटी टाकता येईल अशी ती जागा झाली. पुढे पंडित नाथूराम प्रेमी यांचे ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय’ही याच हिराबागेतून चालले, म्हणजे प्रवाशांच्या वळकट्यांशेजारी ग्रंथांचे गठ्ठेही तिथे सुखाने नांदले. दुसरीकडे भाडे घेऊन उतरवणारी मराठी घरेही होती. क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथे उतरत. १९०८ च्या जून महिन्यात त्यांना अटक झाली ती तिथेच, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तिथेच. समोरच पोलीस आयुक्तांची कचेरी. एवढ्या मोठ्या माणसाने पुणे सोडून आल्यावर कुणा धनिकाच्या बंगल्याऐवजी भाड्याची खोली पसंत करावी, यात विचार करण्यासारखे बरेच आहे. स्वतःच्या वेळेला उठावे, स्वतःच्या माणसांना भेटावे आणि यजमानाच्या सोयीची चिंता करू नये, एवढी मोकळीक भाड्याच्या खोलीतच मिळते.

वरणगावच्या पेठेतील एका कुटुंबात ही मोकळीक गेल्या वर्षी, दिवाळीनंतर, प्रथमच आली. सारी पेठ ज्यांना काकासा आणि काकीसा म्हणते असे हे दांपत्य. काकासांनी पंचाहत्तरी गाठलेली, काकीसा त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. काकीसांना जिना चढताना दम लागू लागला. भुसावळच्या डॉक्टरांनी मुंबईला जाऊन हृदयाची तपासणी करून घेण्यास सांगितले. मुंबईत मुलगी होती, परंतु तिचे घर दोन खोल्यांचे, त्यात सासू अंथरुणाला खिळलेली. शिवाय लेकीच्या घरचे पाणीही घेऊ नये, हा काकासांच्या वडिलांचा दंडक. काकासांनी तो बराच सैल केला होता. पण चार दिवस मुक्काम टाकण्याइतका नाही. धर्मशाळेत चौकशी केली तर लग्नसराईमुळे जागा नव्हती. शेवटी मुलाने इस्पितळापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका हॉटेलात खोली घेतली. भाडे दिवसाला ३,८०० रुपये. आकडा ऐकून काकासा बराच वेळ काही बोलले नाहीत.

मुलाने एक शहाणपणा केला होता. ‘शांत परिसर, आरामदायी खोल्या’ असे प्रत्येकच हॉटेल लिहिते. त्या लिहिण्यावर विसंबू नये. त्याने फोनवर चार गोष्टी विचारल्या : खोली रस्त्याच्या बाजूची की मागच्या, लिफ्टपासून किती दूर, वर किंवा खाली समारंभाचा हॉल आहे काय, आणि खिडकी उघडते काय. शहरातल्या हॉटेलात शांतता असते ती या चार गोष्टींतून. गालिचा जाड असो वा पातळ, लिफ्टशेजारच्या खोलीत रात्रभर दाराची उघडझाप ऐकू येणारच. आणि समारंभाचा हॉल असेल तर बारा वाजेपर्यंत बँडची वाट पाहावी. मागच्या बाजूची, चौथ्या मजल्यावरची, कोपऱ्यातील खोली मिळाली. खाली जुन्या वाड्याचे अंगण, त्यात एक बदामाचे झाड.

खानदेशातून मुंबईला रात्रीच्या गाडीने जाणाऱ्यांची एक अडचण ठरलेली असते. गाडी सकाळी लवकर पोहोचते आणि हॉटेलची खोली दुपारी बाराला मिळते. जुन्या लॉजमध्ये ज्या घडीला पाऊल टाकाल त्या घडीपासून चोवीस तास मोजत. ती पद्धत आता मागे पडत चालली आहे. काकासा-काकीसा सात वाजता स्वागतकक्षात पिशव्या सांभाळत बसले. तिथल्या मुलाने खोली रिकामी असल्याचे पाहून नऊलाच ती उघडून दिली, जादा आकार न घेता. या एका गोष्टीमुळे काकासांचे हॉटेलविषयीचे मत निम्मे बदलले.

उरलेले निम्मे जेवणाच्या वेळेवर अडले. डिसेंबरच्या आरंभी मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, वरणगावपेक्षा पंधराएक मिनिटे उशिरा. काकीसांना ही पंधरा मिनिटे बक्षिसासारखी वाटली. परंतु हॉटेलचे रात्रीचे जेवण साडेसातला सुरू होई, आणि दोघांचाही चोविहार. मुंबईतल्या भटारखान्यांना ‘जैन’ म्हणजे कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य एवढे ठाऊक असते. सूर्यास्ताचे ठाऊक असतेच असे नाही. काकासांनी सरळ आचाऱ्याला भेटून सांगितले. तो राजस्थानचा निघाला. साडेपाचला मुगाची खिचडी, कढी आणि फुलके खोलीत येऊ लागले. सकाळचे मात्र आपोआप जमले. सूर्योदय सातच्या जरा आधी, नवकारसी पावणेआठच्या सुमारास, आणि न्याहारी साडेसातपासून. खोलीत चहासाठी ठेवलेल्या विजेच्या किटलीचा उपयोग उकळलेल्या पाण्यासाठी झाला. चहाच्या पुड्या जशाच्या तशा राहिल्या.

पहिल्या दिवशी काकीसांना काय करावे तेच कळेना. सकाळी त्यांनी अंथरुणाच्या घड्या घातल्या, टेबल पुसले, न्हाणीघरातील बादली उपडी करून ठेवली. साफसफाईला आलेला मुलगा गोंधळून दारातच उभा राहिला. त्याला करायला काही उरलेच नव्हते. लग्नानंतरच्या पन्नास वर्षांत त्या पाहुण्या म्हणून कुठेही गेल्या तरी तासाभरात त्या घरच्या स्वयंपाकघरात शिरलेल्या असत. माहेरीही. तीर्थयात्रेतही भोजनशाळेत कुणाला तरी वाढायला उभ्या राहत. इथे शिरायला स्वयंपाकघरच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या खिडकीपाशी सामायिकाला बसल्या. अठ्ठेचाळीस मिनिटांत कुणी हाक मारली नाही, खालून कुणी ‘काकीसा, जरा पावती’ म्हणून ओरडले नाही. घरी त्यांचे सामायिक सुटत नसे. पण कान मात्र खालच्या दुकानातच असत.

त्याच सकाळी मनगटातून अँजिओग्राफी झाली आणि दुपारी त्यांना खोलीवर सोडले. पाणी भरपूर प्या, असे डॉक्टरांनी बजावले होते. सांगितलेले सारे पाणी सूर्यास्ताच्या आत पोटात जावे म्हणून काकासा किटली लावत, पाणी निववत आणि पेले मोजत बसले. हे काम त्यांनी आयुष्यात प्रथमच केले असावे. त्यानंतर काकीसा झोपल्या. दुपारी झोपलेली बायको काकासांनी बाळंतपणे सोडली तर पाहिली नव्हती.

चारच्या सुमारास मुलगी आली. येताना खाखऱ्यांचा डबा घेऊन आली. हॉटेलच्या खोलीत लेकीचे खायला वडिलांची हरकत नव्हती. एरवी मायलेकी भेटत त्या ओट्याशी, एकीच्या हातात पोळी आणि दुसरीच्या हातात भाजी. इथे दोघींचे हात रिकामे होते. बोलता बोलता लेकीने विचारले, की दम नेमका कधीपासून लागतो. काकीसांनी घरी आणि डॉक्टरांना दोन महिने असे सांगितले होते. आता खरे निघाले : दीड वर्ष. जिन्याच्या मधल्या वळणावर त्या रोज थांबत, आणि कुणी पाहिलेच तर परकराची नाडी सैल झाल्याचे निमित्त करत. आधी सुनेचे बाळंतपण होते, मग दिवाळीची गिऱ्हाइकी, मग पर्युषण, मग पुन्हा दिवाळी. सांगायला सवड नव्हती. काकासा वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते. थोड्या वेळाने ते उठले, खाली स्वागतकक्षात जाऊन बसले आणि अर्ध्या तासाने वर आले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दीड वर्षाची गोष्ट लेकीने सांगितली. तीन रक्तवाहिन्यांत अडथळे होते. बायपास करावी लागेल, आणि लांबवू नये, असा सल्ला मिळाला. वरणगावला परतल्यावर विचार करू, असे काकासा म्हणाले असते. दुकानदार माणूस मोठा निर्णय घरी जाऊन, चारचौघांना विचारून घेतो. ते तसे म्हणाले नाहीत. संध्याकाळी त्याच खोलीत तिघांनी बसून तारीख ठरवली आणि मुलाला फोनवर फक्त कळवले.

हॉटेलला उणे नव्हते असे नाही. खिडकी उघडते असे सांगितले होते, ती चार बोटेच उघडे. रात्री काही दुखले-खुपले तर शेजारची खोली कुणाची हे ठाऊक नसते. धर्मशाळेत मात्र पलीकडच्या वळकटीवरचा अनोळखी माणूसही उठून डॉक्टर आणतो. काकासांनी हे मुलाला दोनदा सांगितले, आणि त्यात तथ्य आहे. शांततेचे भाडे भरताना शेजारही सुटतो, हे घेणाऱ्याने जाणून घ्यावे.

बिल झाले तीन रात्रींचे ११,४०० रुपये आणि त्यावर ५ टक्के जीएसटी ५७०, एकूण ११,९७०. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे, ही माहिती काकासांना होती. त्यांनी तेवढी बेरीज तपासून घेतली. परत आल्यावर घरच्या वहीत ही रक्कम कोणत्या खात्यावर मांडायची, असा मुनीमजींनी प्रश्न केला. प्रवासखर्चात ती फार दिसत होती आणि औषधोपचारात बसत नव्हती. काकासांनी ती औषधोपचारात टाकायला सांगितली.

शस्त्रक्रियेनंतर इस्पितळातून सुटल्यावर आठवडाभर मुंबईतच थांबा, असे डॉक्टरांनी आधीच सुचवले होते. त्या आठवड्यासाठी खोली ठरवायचा फोन यावेळी काकासांनी स्वतः केला. भाड्यात घासाघीस करून झाल्यावर त्यांनी मागच्या बाजूची, बदामाच्या झाडावरची खोली मागितली आणि शेजारच्या खोलीत लेकीला राहायला जागा मिळेल काय, तेही विचारले.