नितळ पाण्यातलं नायट्रेट

माशांच्या टाकीतलं पाणी आरशासारखं नितळ दिसत असलं, की त्यात नायट्रेट आहे यावर कुणाचा सहजी विश्वास बसत नाही. माशांची विष्ठा आणि तळाशी कुजणारं खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. पहिली दोन झपाट्याने जीव घेतात. नायट्रेट तितकं जहाल नसतं, पण साचत राहतं. नेहमीचा फिल्टर कितीही महागाचा आणला, तरी ते काढत नाही.

खरा उपाय कंटाळवाणा आहे: पाणी बदलणं.

लिटरमागे 80 मिलिग्रॅम नायट्रेट असताना निम्मं पाणी बदललं तर 40 उरतं, पुन्हा बदललं की 20. पण हे गणित नव्या पाण्यात नायट्रेट नाही असं धरून केलेलं. महाराष्ट्रातल्या शेतीपट्ट्यात अनेक विहिरी-बोअरवेलमध्ये खतांमुळे ते आधीच मुरलेलं असतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादाच 45 मिलिग्रॅम आहे. तेवढं नायट्रेट असलेलं पाणी ओतत राहिलं, तर टाकीचा आकडा 20 वर येणार कसा?

घाईही नको. जुन्या पाण्याला सरावलेले मासे अचानक बदलाने दगावू शकतात, म्हणून दर खेपेला पाव टाकी पुरे. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन आधी घालवायचं. मनीप्लांटची मुळं पाण्यात सोडली तर तीही नायट्रेट खातात, मात्र सावकाश. आणि लहानशा टाकीत चार गोल्डफिश कोंबले असतील, तर कुठलीच वेल पुरी पडत नाही.

दुकानातली ‘नायट्रेट रिमूव्हर’ची बाटली घेण्याआधी टाकीबरोबर नळाचं पाणीही तपासून घ्या.